चार नंबरचा पडदा

माझ्याकडे कामाच्या एकवीस वह्या आहेत. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याच्या, प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक. काय बिघडलं, कुणी सांगितलं, मी काय केलं आणि ते चाललं का, असे चार रकाने. काम झालं की चौथ्या रकान्यात बरोबरची खूण. वहीत मी खाडाखोड करत नाही. चुकलं तर खालच्या ओळीत दुरुस्ती लिहिते. एकवीस वह्यांत खोडलेली ओळ एकच आहे. चौदाव्या वहीत, निपाणीच्या पानावर. ‘तुमच्या कामातलं काहीतरी लिहा’ असं दिवाळी अंकाचं पत्र आलं, तेव्हा गमतीचे प्रसंग निवडायला म्हणून वह्या काढल्या आणि त्या पानापुढं काही सरकले नाही.

आधी माझा धंदा काय ते सांगते, म्हणजे पुढं अडायला होणार नाही.

सत्तरच्या दशकात मी नोकरीला लागले तेव्हा संगणकाला पडदा नसे. बेळगावच्या एका कारखान्यात आम्ही आठजणी टाइपरायटरसारख्या यंत्रांवर बसून जाड कागदाच्या पत्त्यांना भोकं पाडत असू. एक पत्ता म्हणजे एक नोंद. हे पत्ते दुसरं यंत्र वाचायचं आणि अधूनमधून एखादा त्याच्या घशात अडकायचा. आमचे सुपरवायझर अडकलेला पत्ता काढून कोपऱ्यावरची खूण बघत, कुणाचा आहे ते. आठवडाभर बघून त्यांनी जाहीर केलं की अडकणाऱ्यांत सर्वांत जास्त पत्ते माझे आहेत, तेव्हा माझे हात घामट असणार. मग रोज दोनदा हात धुऊन, पावडर लावून त्यांना दाखवायचे. महिन्याभरानं कुणाच्या तरी लक्षात आलं की मुळात एकूण पत्त्यांतच सर्वांत जास्त माझे होते. पावडरीचा डबा मी घरी नेला. पुढं कितीतरी वर्षं त्यात टाचण्या ठेवत असे.

ऐंशीच्या दशकात पडदे आले, आणि एका संगणकाला चार-सहा पडदे जोडून तितक्याच माणसांनी एकदम काम करायची सोय आली. मी कारखाना सोडून टिळकवाडीतल्या एका छोट्या दुरुस्ती कंपनीत गेले. तीन पुरुष, मी आणि एक स्कूटर. स्कूटर पुरुषांना, एस.टी. मला. खानापूरपासून निपाणीपर्यंतचा मुलूख आमचा. माझ्याकडे मुख्यतः एकच दुखणं यायचं: ‘मशीन अडकलंय.’

अडकण्याची कारणं पुष्कळ असतात, पण त्या काळात दहातल्या सहा वेळा कारण एकच निघे, मेमरी अपुरी पडणं. संगणकाच्या पोटात दोन जागा असतात. एक डिस्क, म्हणजे कपाट. हजारो नोंदी तिथं पडून राहतात. दुसरी मेमरी, म्हणजे टेबल. ज्या कागदावर आत्ता काम चाललंय तो टेबलावर लागतो. टेबल छोटं असलं आणि माणसं वाढली, की संगणक एकाचा कागद उचलून कपाटात ठेवतो, दुसऱ्याचा आणतो, लगेच पहिल्याचा पुन्हा लागतो, की पुन्हा उठतो. शेवटी त्याचा सगळा वेळ या फेऱ्यांतच जातो. बाहेर बसलेल्याला दिसतं एवढंच, की कळ दाबली आणि काही घडत नाही.

हे लोकांना समजावणं दुरुस्तीपेक्षा अवघड. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीवाल्यांना मी मेमरी कमी पडतेय म्हणाले, तर त्यांनी ती उन्हाळ्यात आकसत असेल म्हणून यंत्रासमोर मोठा पंखा लावला. त्या वाऱ्यानं भट्टीकडची धूळ आत जाऊन डिस्कच गेली. एका कॉलेजातले हेडक्लार्क मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, नापास झालेल्यांची नावं काढून टाका की, तेवढीच जागा होईल.” दोघांचीही नोंद वहीत आहे. दोघांपुढंही बरोबरची खूण आहे.

माझी कामाची पद्धत ठरलेली. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर सहा कलमं चिकटवलेली असत. वीज आणि अर्थिंग बघणे. डिस्कवर जागा आहे का बघणे. कोणकोण कामावर आहे, प्रत्येकानं काय उघडलंय, सर्वांत जास्त मेमरी कोण खातंय. आणि सहावं, अहवाल लिहिणे. या सहा कलमांवर मी बरीच वर्षं काढली आणि नाव कमावलं. सातवं कलम मागाहून आलं.

निपाणीला तंबाखू कामगारांसाठी एक धर्मादाय दवाखाना होता. मुख्य काम छातीच्या दुखण्याचं. बिड्या वळणाऱ्या बायका, वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका, त्यांचे खोकले, त्यांचे क्षय. क्षयाचं औषध तेव्हा महिनोन् महिने घ्यावं लागे, मधे खंड पडला की दुखणं दुप्पट होऊन परत येई. म्हणून दवाखान्यात डॉक्टरांइतकीच नोंद महत्त्वाची. कुणाचा कितवा महिना, मागच्या वेळचं वजन किती, छातीचा एक्स-रे फोटो कधी काढला. त्यात एकाच गल्लीत सहा शांताबाई. त्यामुळं नाव, नवऱ्याचं नाव, गल्ली, माहेर, सगळं लिहिलेलं असायचं. आधी हे कार्डांवर होतं. मग बेळगावच्या एका कारखानदारानं नवीन संगणक घेतला आणि जुना या दवाखान्याला दिला. सहा पडदे, दोन मेगाबाइट मेमरी. आज मुलांच्या खेळण्यात याहून जास्त असते, पण तेव्हा तो निपाणीत कौतुकाचा विषय होता. लोक काचेतून बघायला येत.

दवाखान्याचे चिटणीस म्हणजे आप्पा. तंबाखूच्या वखारीत उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. पांढरी टोपी, खिशात दोन पेनं, एक कानडी कागदांसाठी आणि एक मराठी, अशी त्यांनी वाटणी केलेली. दवाखान्यातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली, अगदी पाण्याच्या माठावरसुद्धा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्टँडवर उतरल्यापासून तंबाखूच्या वासानं शिंकत होते. आप्पा दारातच म्हणाले, “या बाई. बेळगावचं माणूस शिंकेवरनंच कळतंय.” आणि टाचणी लावलेले तीन कागद पुढं केले, मशीन कोणत्या दिवशी किती वाजता अडकलं त्याची यादी. माझं मन तिथंच जिंकलं गेलं. याद्या करणारी दोन माणसं भेटली की तिसऱ्याला काही विचारायची गरजच वाटत नाही.

यादीवरून दिसत होतं की मशीन फक्त बाजारच्या दिवशी अडकतं. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून बायका बाजाराला येत आणि त्याच फेरीत दवाखाना करत. अकरा वाजले की पडदे गप्प. एक नोंद उघडायला पाच-पाच मिनिटं. रोजच्या बिड्यांवर रोजचं पोट असलेली बाई अर्धा दिवस ताटकळणार कशी? काहीजणी औषध न घेताच निघून जात.

बाजारच्या दिवशी मी मशीनच्या खोलीत जाऊन बसले. अकराच्या सुमाराला डिस्कची खडखड सुरू झाली. कागद टेबलावरून कपाटात आणि कपाटातून टेबलावर न्यायचा तो आवाज. खिडकीपाशी रांगेत गौराक्का म्हणून एक म्हातारी उभी होती, जीभ भलतीच तिखट. ती म्हणाली, “ऐक गं. मशीनला बी खोकला लागला.” रांग हसली आणि हसता हसता खोकली.

दर दहा मिनिटांनी मी कुठल्या पडद्यावरून काय चाललंय ते उतरवून घेतलं. चित्र स्वच्छ होतं. नोंदी बघायचा जो प्रोग्राम होता, तो एका माणसानं एकदाच उघडावा अशी अपेक्षा. पण एकाच पडद्यावर पोथीच्या पानांसारखे एकामागे एक सात प्रोग्राम उघडून ठेवायची आणि हवं ते पान पुढं आणायची सोय त्या यंत्रात होती. बाकीच्या पाच पडद्यांवर एकेक, दोन दोन उघडे. चार नंबरवर सात. प्रत्येकाला दोनशे किलोबाइटच्या आसपास लागत. चार नंबर एकटाच टेबलाचा बहुतेक भाग अडवून बसला होता.

मी आप्पांना विचारलं, चार नंबरवर कोण बसतं. आप्पा म्हणाले, अनसूया. नवीन आहे, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलीय, आई बिड्या वळते. मी काचेतून बघितलं. विशीतली, सावळी, दोन वेण्या पाठीमागं बांधलेल्या, मान खाली घालून भराभर काम करणारी मुलगी. आत जाऊन एक प्रश्न विचारायला मला दहा पावलं चालायला लागली असती. मी चालले नाही. बेळगावची शेवटची सोयीची एस.टी. गाठायची होती आणि कारण तर सापडलंच होतं.

अहवालात तीन शिफारशी केल्या. एक, मेमरीचं नवं कार्ड घेणे. दोन, एका पडद्यावर एकच प्रोग्राम उघडेल असा बंदोबस्त करणे. तीन, पडदा क्रमांक चारवर प्रशिक्षित व्यक्ती बसवणे. सही, तारीख. वहीत नक्कल.

मेमरीचं कार्ड परदेशी, परवान्यासाठी थांबायला लागणारं, आणि दवाखान्याला न झेपणारं. दुसरं कलम मी स्वतःच प्रोग्रामच्या दोन ओळींत करून दिलं. तिसऱ्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. आठवड्यानं आप्पांचा फोन आला की अहवालाप्रमाणे अनसूयेला कामावरून थांबवलं आहे, महिन्याअखेरीस विश्वस्तांच्या बैठकीत त्यावर शिक्का बसेल, आणि बाजारच्या दिवशी मशीन घोड्यासारखं पळालं. चौथ्या रकान्यात मी बरोबरची खूण केली.

पुढच्या बाजारच्या दिवसानंतर पुन्हा फोन. आप्पांचा आवाज पडलेला. मशीन पळतंय, पण रांग रस्त्यापर्यंत गेली. बायका भांडतात, निम्म्या निघून जातात. एका शांताबाईच्या नावावर दुसरीचं औषध निघालं होतं, कंपाउंडरनं चेहरा ओळखला म्हणून निभावलं. “मशीन बरं झालं बाई,” आप्पा म्हणाले, “दवाखाना आजारी पडला.”

मी गेले. या वेळी मशीनच्या खोलीत बसले नाही, रांगेत बसले. आणि तासाभरात जे दिसलं ते सहा कलमांपैकी एकातही नव्हतं.

दवाखान्यात आलेली बाई एकदाच खिडकीशी येत नसे. आधी नाव सांगून वजनाला जायचं, वजन घेऊन परत खिडकीशी. मग फोटोला, परत खिडकीशी. मग डॉक्टर, परत खिडकी, मग औषध. चार फेऱ्या. आता एका पडद्यावर एकच प्रोग्राम उघडत असल्यानं प्रत्येक वेळी मागची नोंद बंद, आणि परत आलेल्या बाईनं पुन्हा नाव, नवरा, गल्ली, माहेर सगळं सांगायचं. पण खरा घोळ याहून वेगळा होता. प्रत्येक खिडकीमागचा पडदा रांगेला दिसायचा. वाचता न येणाऱ्या बाईलाही ठाऊक असे की पडद्यावर उमटलेली ती हिरवी ओळ आपली आहे. कारकून पुढच्या बाईची नोंद उघडायचा, हिरवी ओळ नाहीशी व्हायची, आणि पहिली बाई काही न बोलता पदर सावरून दाराकडं चालू लागायची. वजन नाही, फोटो नाही, औषध नाही. मी तिघींना तसं जाताना बघितलं. चौथी गौराक्का होती. तिला मी धावत जाऊन दारात गाठलं आणि विचारलं, का चाललात.

गौराक्का मला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, “नाव पुसलं न्हवं माझं. मग कशाला बसू? तुमी सांगा.”

“पुसलं नाही हो, आत आहे ते.”

“आत हाय म्हंजे? मला दिसायला नको व्हय?” मग तिनं बोट करून चार नंबर दाखवला. “ती अनुसया व्हती तवा आमचं नाव पुसत न्हवती. तिला घालवली न्हवं कुणीतरी भवानीनं.”

ती भवानी मीच, हे तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी पत्ता तेवढा विचारून घेतला.

अनसूयेचं घर बिडी कामगारांच्या वस्तीत. दारातच ती आणि तिची आई मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. मला वाटलं होतं मुलगी तोंड फिरवेल. ती उठली, हात पुसले, चटई टाकली. मी सरळ सांगितलं की तुला ज्यामुळं थांबवलं तो अहवाल माझा, आणि आता एक प्रश्न विचारायला आलेय जो आधी विचारायला हवा होता. सात सात पानं का उघडून ठेवत होतीस?

ती आईकडं बघून म्हणाली, “माणूस बसलेलं असताना त्याचं नाव पुसायचं न्हाय, बाई.”

ते तिच्या आईनं उलगडून सांगितलं. कारखानदाराकडं वळलेल्या बिड्या द्यायला बायका जातात, तेव्हा मुकादम पाटीवर खडूनं ओळीनं नावं लिहितो. मग एकेकीच्या बिड्या तपासतो. माल पसंत पडला की नावापुढं खूण. माल खराब म्हणून टाकून दिला, त्याला ते छाट म्हणतात, की मुकादम तोंडानं काही बोलत नाही. नुसतं पाटीवरचं नाव बोटानं पुसतो. नाव पुसलं की त्या बाईनं उठायचं आणि जायचं. वाद घालायचा नाही, नाहीतर पुढच्या खेपेला पान-तंबाखूच मिळत नाही. “आमी जल्मभर त्या पाटीकडंच बघत आलाव,” आई म्हणाली. “तुमच्या मशीनची पाटी तरी काय येगळी हाय?”

पहिल्याच आठवड्यात अनसूयेला हे दिसलं होतं. मशीनच्या पोथीतली सात पानांची सोय तिची तिनंच शोधून काढली. एका बाईचं पान पुढच्या बाईसाठी मागं सारताना ती सांगायची, “मागं ठेवलंय, पुसलं न्हाय,” आणि कुणी घाबरली तर कळ दाबून नाव पुन्हा पुढं आणून दाखवायची. औषधाची पुडी हातात पडेपर्यंत पान मिटायची नाही. म्हणून बायका तिच्याच खिडकीशी रांग लावायच्या.

मला पावडरीचा डबा आठवला.

बेळगावला फोन करून मी मुक्काम वाढवून घेतला. पण अडचण तशीच होती. सात पानं उघडली की टेबल भरणार आणि नवं टेबल मिळणार नाही. मी त्या दोघींना मेमरीचं सांगितलं, टेबल आणि कपाट. टेबलाशी त्यांची फारशी ओळख नव्हती. अनसूयेनं ऐकलं आणि मांडीवरचं सूप उचललं.

“म्हंजे हे की ओ. सुपात बसंल तेवढंच वळायला येतंय. बाकीचं पोत्यात.”

“बरोबर. आणि तू सात जणींचं सगळं सुपात घेत होतीस.”

तिनं सुपातल्या बिडीच्या पानांच्या चळती उचलून बाजूला ठेवल्या, फक्त प्रत्येकीतलं वरचं एकेक पान परत सुपाच्या काठाला ओळीनं लावलं. “मग नाव तेवढं सुपात ठिवा. बाकीचं राहूंद्या पोत्यात. लागंल तवा काढायचं.”

माझ्याकडं तेव्हा पंधरा वर्षांचा अनुभव होता. मोठ्या कारखान्यांची मशीनं मी बघितली होती, इंग्रजी पुस्तकं वाचली होती. तो उपाय मला सुचला नव्हता, कारण मला दवाखान्यात मेमरी खाणारा पडदा दिसत होता आणि तिला बसलेली माणसं दिसत होती. आई शेजारून म्हणाली, “व्हय, तसंच कर म्हणावं बाईस्नी,” आणि तिचं वळणं एकदाही थांबलं नव्हतं.

तीन दिवसांत मी प्रोग्राम बदलला. पडद्याच्या वरच्या भागात चालू नोंद. खालच्या पट्टीत, दवाखान्यात बसलेल्या सगळ्यांची नावं, ओळीनं, समोर क्रमांक. क्रमांक दाबला की त्या बाईची नोंद वर. खालचं नाव हलायचं नाही. एक पूर्ण प्रोग्राम दोनशे किलोबाइट खात होता, तिथं एक नाव चाळीस-पन्नास अक्षरांत भागत होतं. चाळीस बायका बसल्या तरी टेबलाला कळणारसुद्धा नाही. अनसूयेनं एकच अट घातली. नाव कारकुनाच्या हातानं पुसलं जाता कामा नये. औषधाच्या खिडकीवर खूण झाली की ते आपोआप गेलं पाहिजे. मी ती अट प्रोग्राममध्ये घातली.

पण अहवाल माझ्या सहीचा होता आणि बैठक दोन दिवसांवर. आप्पांना सगळं सांगितलं तर ते ऐकून घेऊन म्हणाले, “पटतंय बाई. पण कागद मंडळापुढं गेलाय. तुमीच लिवून दिलंय की, सही तुमची हाय. मी काय म्हणून फिरवू?” नियमाला धरून होतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते.

बैठकीत मी अहवालाची मूळ प्रत मागून घेतली आणि सगळ्यांसमोर तिसरं कलम खोडलं. उभ्या उभ्या कारण सांगितलं. नोंद कुठल्या पडद्यावरून झाली याची खूण संगणक ठेवतो, ती मी काढून आणली होती. मी ज्या दिवशी चार नंबर पकडला, त्या दिवशी आलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या चार नंबरनं बघितल्या होत्या, उरलेल्या बाकी पाच पडद्यांनी मिळून. जास्त मेमरी तिनं खाल्ली, कारण जास्त माणसं तिनं सांभाळली. हा आकडा मशीनमध्ये त्याही दिवशी होता, मी तो बघितला नाही. चूक पडदा क्रमांक चारची नाही, अहवाल लिहिणाऱ्याची आहे, एवढं बोलून मी बसले.

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली. “म्हंजे बदलायचं तर तुमालाच बदलायला पायजे हुतं म्हणा की.”

“हो,” मी म्हणाले.

“राहूंद्या. तुमच्या शिंकांची सवय झालीय आता आमाला.” आणि मराठीचं पेन काढून त्यांनी ठराव लिहायला घेतला. अनसूयेची सहा महिन्यांची बोली त्यांनी त्याच कागदावर कायम करून टाकली. ते करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी चौदावी वही उघडली आणि ती बरोबरची खूण असलेली ओळ खोडली. आतल्या पुठ्ठ्यावर सातवं कलम चिकटवलं: जो माणूस काम करतो त्याला विचारणे. आता ते सर्वांत वर आहे, पण क्रमांक सातच ठेवला आहे.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी मुद्दाम गेले. अकरा वाजले, बारा वाजले, डिस्क शांत. दोन मेगाबाइट पुरून उरत होते. गौराक्का खिडकीतून पट्टीकडं बघत, आपलं नाव कितवं आहे ते बोटांवर मोजत बसली होती. मला बघून म्हणाली, “मशीनचा खोकला गेला गं. आमचा कधी घालवताय?”

संध्याकाळी दवाखाना मिटायच्या वेळी अनसूयेच्या पडद्यावर खालच्या पट्टीत पाच नावं शिल्लक होती. माझ्या लक्षात आलं की प्रोग्राममध्ये खोट राहिली आहे. जी बाई औषध न घेता गेली तिचं नाव निघणारच नाही, साचत जाईल. मी खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, दिवस संपला की पट्टी कोरी होईल असं करून देते, दोन मिनिटांचं काम.

“नको, बाई,” अनसूया म्हणाली. तिनं शेजारच्या कागदावर ती नावं उतरवायला घेतली होती. “ही औषध न घेता गेली बघा. उद्या सकाळी यांच्या दारात जाऊन यायचं. कोरी केलासा तर मला कशी कळायची?”

मी कळफलकावरचा हात काढून घेतला. खंड पडलेलं औषध ही त्या दवाखान्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी. तिच्यापायी डॉक्टर, आप्पा, विश्वस्त सगळे हैराण होते. आणि माझ्या प्रोग्राममधली जी खोट मी बुजवायला निघाले होते, तिच्यातून या मुलीला उद्याची वाट सापडली होती.

मग पाचवं नाव मी वाचलं. ते माझं होतं. गल्ली टिळकवाडी, वजन घेतलेलं नाही.

“हे काय?”

“सकाळपासनं बसलाय न्हवं तुमी. बसलेल्या माणसाचं नाव घालायला नको व्हय?” हे तिनं अजिबात न हसता सांगितलं. “औषधाच्या खिडकीवर जावा, म्हंजे निघंल.”

मला काही झालेलं नव्हतं. एस.टी.ची वेळ झाली होती. मी गेले नाही खिडकीवर.

त्यानंतर काही वर्षांनी दवाखान्यानं मोठं मशीन घेतलं, आठ मेगाबाइटचं, आणि जुन्या नोंदी त्यात न्यायचं काम माझ्याकडंच आलं. अनसूया तेव्हा नोंदणी विभागाची मुख्य होती, हाताखाली पाचजण. आप्पा थकले होते, पण चिठ्ठ्या चिकटवत होते. अपुऱ्या नोंदींची यादी मी छापून काढली. यादी फार छोटी होती. वर्षानुवर्षं ती मुलगी दुसऱ्या दिवशी दारोदार फिरली होती, म्हणून छोटी. त्या यादीत सगळ्यांत जुनं नाव माझं होतं. आली, बसली, औषध न घेता गेली.

कामाच्या यादीत एकही कलम अर्धवट ठेवायचं नाही हा माझा नियम. तरी ते नाव मी नव्या मशीनमध्ये जसंच्या तसं नेलं.